जितं फूल

काही स्पर्श बोटांच्या टोकांत राहून जातात. उथळ, उन्हानं कोमटलेल्या पाण्यात बोट बुडवावं, हिरवट-तपकिरी पाकळ्यांच्या कडेला ते अलगद टेकवावं, क्षणभर काहीच होऊ नये, आणि मग त्या पाकळ्यांनी बोटाचं टोक धरून ठेवावं. ओढणं नाही, डसणं नाही, दुखणं तर नाहीच. नुसतं धरणं. फणसाचे गरे सोडवताना बोटांना चीक लागतो आणि बोटं एकमेकांपासून सुटता सुटत नाहीत, त्याची आठवण करून देणारं काहीतरी. पण चिकात आपण अडकतो, चीक आपल्याला धरत नाही. इथे धरणारं कुणीतरी होतं. डोळे नसलेलं, मेंदू नसलेलं, खडकाच्या भेगेत पाय रोवून बसलेलं कुणीतरी, आणि त्यानं माझ्या बोटाची दखल घेतली होती.

ते समुद्रफूल होतं. मालवणजवळच्या आमच्या वाडीखाली वाळू संपते आणि खडप सुरू होतं. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी जितकं वर चढतं, तितकंच ते ओहोटीला दूर जातं, आणि एरवी न दिसणारा खडकांचा अख्खा मुलूख उघडा पडतो. आजी कालवं काढायला निघायची, कमरेला पदर खोचून, हातात कोयती घेऊन. आणि कालवांच्या धारदार कडा पायांना लागू नयेत म्हणून मी तिच्या पावलावर पाऊल टाकत मागून. हवेत शेवाळाचा, ओल्या मिठाचा, थोडा कुजकट आणि तरी हवासा वाटणारा वास. पाण्याबाहेर राहिलेली समुद्रफुलं तेव्हा ओळखूसुद्धा यायची नाहीत. सगळे हात आत ओढून घेऊन, अंगाला वाळूचे कण आणि शिंपल्यांचा चुरा चिकटवून ती खडकाचाच एक ओला फुगवटा होऊन बसायची. खळग्यात, साचल्या पाण्याखाली असलेली मात्र पुरती उमललेली. मी वाकायचे. आजीचं सारं लक्ष कालवांत आहे असं मला वाटायचं, पण ती न वळताच म्हणायची, "हळू गो, जिता आसा तां."

हळू. जिवंत आहे ते. पुढे या प्राण्याविषयी जे काही वाचलं, पाहिलं, त्यातलं फारच थोडं या चार शब्दांच्या बाहेरचं निघालं.

पाकळ्या म्हणून मी ज्यांना बोट लावत होते ते त्याचे हात. त्या हातांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य कुप्या असतात, आणि प्रत्येक कुपीत गुंडाळून ठेवलेला एक विखारी तंतू. काही टेकलं की पापणी लवायच्या आत तो सुटतो आणि रुततो. एवढ्याशा कोलंबीला तो लुळी करतो. आपल्या बोटाची कातडी जाड, म्हणून विखार आत शिरत नाही, पोहोचते ती फक्त पकड. म्हणजे ज्याला मी जवळीक समजत होते ती त्याची भूक होती. हे कळल्यावर मन थोडं हिरमुसलं असेल, पण तो स्पर्श काही उणावला नाही. भक्ष्य म्हणून का होईना, मी त्याला कळले होते.

मुंबईत आल्यावर कित्येक वर्षं समुद्र फक्त लोकलच्या खिडकीतून, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून, किंवा पावसाळ्यात वर्तमानपत्रात येणाऱ्या भरतीच्या वेळांमधून भेटत राहिला. मग कधीतरी घराच्या एका कोपऱ्यात तीन फुटी काचेची टाकी आली, जेमतेम दीडशे लिटर पाण्याची. गोड्या पाण्याच्या टाकीत मासे सोडले की झालं, असं पुष्कळांना वाटतं. खाऱ्या पाण्याचं तसं नसतं. आधी पाणीच घडवावं लागतं. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात सॉल्ट मिक्स विरघळवायचं, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब ठेवून उजेडाकडे धरायचं आणि रेघ १.०२५ वर येईपर्यंत मीठ-पाण्याचा मेळ जमवत राहायचं. मग खडक रचायचे, पंप सुरू करायचा, आणि वाट बघायची.

ही वाट बघणंच मला सगळ्यात आवडलं. समुद्रफूल आणायचं असेल तर टाकी किमान सहा महिने, जमलं तर वर्षभर चाललेली असावी, असं जाणती माणसं सांगतात. त्या काळात बाहेरून बघणाऱ्याला काहीही घडताना दिसत नाही. आत मात्र जिवाणू खडकांच्या छिद्राछिद्रांत बिऱ्हाडं करत असतात. घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट होत असतं. वाळूवर आधी तपकिरी साय धरते, मग हिरवं शेवाळ येतं आणि जातं, आणि फार उशिरा, खडकांच्या सावलीतल्या बाजूला गुलाबी-जांभळा चुनखडी पापुद्रा दिसू लागतो. पाणी मुरलं, याची ती खूण. मी संध्याकाळची त्या रिकाम्या वाटणाऱ्या पाण्यापाशी बसत असे. पंख्याच्या वाऱ्यानं पाणी उडून जायचं, मीठ मागे राहायचं. म्हणून रोज सकाळी उणं झालेलं पाणी गोड्या पाण्यानं भरून काढायचं. समुद्रावर हे काम पाऊस आणि नद्या करतात. घरात ते माझ्याकडे आलं होतं, आणि तांब्याभर पाणी ओतताना मला उगीचच फार मोठं काही सोपवलं गेल्यासारखं वाटायचं.

मग निवडायची वेळ आली.

एका दुकानात, निळ्या दिव्याखाली, मी एक समुद्रफूल पाहिलं आणि पाहातच राहिले. पांढरंशुभ्र. हातांची टोकं तेवढी जांभळी. शेजारी दोन-चार तपकिरी, मळकट, कुणाच्या नजरेत न भरणारी बसली होती, आणि त्यांच्यामध्ये हे एकटं उजळून निघालेलं. त्याच्यावरून नजर काढणं कठीण होतं, आणि कारण ठाऊक असल्यामुळे पाहणंही कठीण होतं. समुद्रफुलाचा तपकिरी रंग हा त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या मांसात सूक्ष्म शैवालं राहतात, दिवसभर उजेडातून साखर करतात आणि तिच्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. पाणी तापलं, अंधार झाला, प्रवासात हाल झाले की ही शैवालं निघून जातात किंवा बाहेर टाकली जातात. उरतं ते पांढरंशुभ्र रूप. ते सौंदर्य उपासमारीचं असतं. अशी पांढरी पडलेली समुद्रफुलं कुठे कुठे पिवळ्या रंगात बुडवूनही विकतात, आणि घेणारा बिचारा सोनेरी फूल मिळालं म्हणून आनंदानं घरी जातो. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांना तपकिरी रंग देखणा दिसू लागला. चिखलाचा, खोडांचा, पोट भरल्याचा रंग.

समुद्रफुलांच्या जगात हजाराहून जास्त जाती आहेत. त्यांतल्या फक्त दहा जाती क्लाउनफिशला आपल्या अंगाखांद्यावर थारा देतात. बहुतेकांना पहिलं समुद्रफूल हवं असतं ते या नारिंगी-पांढऱ्या माशासाठी. त्या दहांतल्या कितीतरी जाती लहान टाकीत ठेवण्याजोग्या नाहीत. कार्पेट म्हणतात त्या जाती हातभर पसरतात, आणि सगळ्यात भव्य दिसणारी मॅग्निफिका प्रकाशाच्या आणि प्रवाहाच्या बाबतीत इतकी हळवी, की मुरलेल्या हातांतही ती पुष्कळदा टिकत नाही. नवख्यासाठी जाणते एकच नाव पुन्हा पुन्हा घेतात: बबल टिप. शास्त्रातलं नाव एन्टॅक्मिया क्वाड्रिकलर. हातांच्या टोकांशी फुगीर बोंडं असतात, कधी ती टपोरी होतात, कधी सगळा हात लांब, निमुळता होऊन जातो. त्याला टाकीतलं जगणं मानवतं. सर्रास मिळणारा ऑसेलॅरिस जातीचा क्लाउनफिश समुद्रात या जातीकडे वळत नाही; टाकीत बरेचदा वळतो, आणि माणसांच्या हाताखाली जन्मलेला मासा कधीकधी आयुष्यभर वळत नाही. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मी कुणासाठी घर आणायला निघाले नव्हते. ज्यानं माझं बोट धरलं होतं, त्याच्या गोतातलं कुणीतरी मला हवं होतं.

मग वाडीखालच्या खडपातलंच का नाही? भाचीनं हे विचारलंही. तिला मी डेव्हनच्या किनाऱ्याची गोष्ट सांगितली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं. गॉस हा माणूस समुद्रफुलांवर जीव टाकणारा. त्यानं काढलेली त्यांची रंगीत चित्रं आजही पाहताना डोळे निवतात. पुस्तकानं इंग्लंडला वेड लावलं. दिवाणखान्यादिवाणखान्यांतून काचेच्या टाक्या आल्या, आणि त्या भरण्यासाठी माणसं हातोड्या-छिन्न्या घेऊन किनाऱ्यांवर उतरली. ज्या खळग्यांत गॉसनं मुलाचं बोट धरून त्याला हे सगळं दाखवलं होतं, ते खळगे बघता बघता ओरबाडले गेले. त्या मुलानं, एडमंड गॉसनं, १९०७ साली 'फादर अँड सन' लिहिलं, तेव्हा त्या उजाड किनाऱ्याचं दुःख त्यात उतरलं. वडिलांच्या प्रेमातूनच तो नाश निघाला होता, हे त्या दुःखातलं सगळ्यात बोचरं. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. पण तो नसता तरीही आजीच्या खडपावर मी छिन्नी घेऊन गेले नसते. तिथली फुलं भरती-ओहोटीची आहेत. दिवसातून दोनदा जे पाणी त्यांना सोडून जातं आणि दोनदा परत येतं, त्याच पाण्याची ती आहेत.

शेवटी समुद्रफूल मिळालं ते ठाण्याच्या एका काकांकडे. बँकेतून निवृत्त झालेले, वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारे. त्यांच्याकडचं बबल टिप दुभंगलं होतं. ही जात अशीच वाढते: एक दिवस आपणहून मधोमध ताणली जाते, फाटते, आणि दोन्ही अर्धे स्वतंत्र पूर्ण होतात. काकूंनी चहा ठेवला आणि आम्ही दोघं टाकीपाशी खुर्च्या ओढून कितीतरी वेळ नुसते बसलो. काका म्हणाले, "रंगाकडे नका बघू. तोंड बघा."

मी तोंड पाहिलं. सगळ्या हातांच्या मधोमध, एका बारीक फटीएवढं, घट्ट मिटलेलं. खाणं तिथूनच आत जातं, उरलंसुरलं तिथूनच बाहेर येतं. दुसरी वाटच नाही. हे तोंड ढिलं पडून आ वासलेलं असेल, आतलं बाहेर डोकावत असेल, तर त्या समुद्रफुलाचं काही खरं नसतं. मग पाय पाहिला. काकांनी ते मुद्दाम एका मुठीएवढ्या दगडावर बसू दिलं होतं, म्हणजे नेताना दगडासकट उचलता यावं. समुद्रफुलाचा पाय हा त्याचा सगळ्यात नाजूक अवयव. खडकावरून ओढून काढताना तो फाटला तर वर कितीही टवटवीत दिसलं तरी जखम आतून पसरत जाते. या पायाची कड सगळीकडून सलग होती, दगडाला लपेटून बसलेली, विटकरी रंगाची. "आता बोट लावा," काका म्हणाले. निरोगी असेल तर ते चिकटतं. आजारी असेल तर बोटाला काही कळतच नाही, नुसतं पाणी लागतं.

मी बोट लावलं. त्यानं धरलं.

ते सुख मला अजून नीट सांगता येत नाही. तिथे काका होते, काकू होत्या, चहा निवत होता, आणि मी काहीच न बोलता पाण्यात हात घालून उभी होते. आजीला जाऊन किती वर्षं झाली. तिच्या कोयतीचा खडकावर होणारा टकटक आवाज, तिच्या ओल्या पदराचा खारट वास, परतताना टोपलीतून ठिबकणारं पाणी, सगळं त्या बोटाच्या टोकाशी येऊन थांबलं होतं. एखादा जीव निवडताना आपण खरंतर काय बघत असतो? मी तब्येत बघत होते, हे खरंच. पण कुणीतरी मला पुन्हा धरावं म्हणूनही आले होते.

घरी आणलं, थेंबाथेंबानं माझ्या टाकीतलं पाणी त्याच्या पाण्यात मिसळत राहिले, आणि दिवे मंद करून त्याला खडकावर ठेवलं. जागा मी फार विचार करून निवडली होती. त्याला ती पसंत पडली नाही. समुद्रफूल चालतं, पायाची कड पुढे सरकवत, इतकं सावकाश की बघताना दिसत नाही आणि सकाळी उठून पाहावं तर ते दुसरीकडेच असतं. या चालण्याच्या काळात पंपाच्या तोंडाला स्पंज बांधून ठेवावा लागतो, नाहीतर ते आत ओढलं जाऊन त्याच्या चिंधड्या होतात, आणि लहान टाकीत एक समुद्रफूल कुजलं तर सोबत सगळं पाणीच नासतं. मी रात्री उठून बघायची. अंधारात ते आकसून मुठीएवढं झालेलं असायचं. मग एका सकाळी ते मला एका कपारीपाशी दिसलं: पाय खोल आत, कुणाला न दिसणाऱ्या फटीत, आणि हात बाहेर, उजेडात, पसरलेले. तिथून ते हललं नाही. आपण समुद्रफूल निवडतो. जागा त्याची तेच निवडतं. मला हे फार आवडलं. आपल्या घरात येऊनही ज्याची स्वतःची पसंती शिल्लक राहते, त्याच्याशीच खरं नातं जुळतं.

आठवड्यातून एकदा मी चिमट्यानं नखाएवढा कोलंबीचा तुकडा त्याच्या हातांत देते. हात दुमडतात, तुकडा मधल्या फटीकडे सरकतो, फट उघडते, मिटते. कधी सकाळी ते पार गळून गेलेलं दिसतं, सुरकुतलेलं, तोंडातून तपकिरी धागा सोडणारं. पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव गोळा होतो. दुपारपर्यंत ते पुन्हा पाण्यानं भरून टपोरं होतं. रिकामं होण्याला ते भीत नाही.

मे महिना मात्र कठीण. मुंबईची हवा भिंतींतून आत येते, टाकीचं पाणी तिशीपुढे चढू लागतं, आणि त्याला हवं असतं पंचवीस-सव्वीस अंश. पाणी थंड करणारा चिलर घुमत राहतो, मी दर तासाला तापमापक बघते. अशा दुपारी मला लक्षद्वीप आठवतं. १९९८, २०१०, २०१६: त्या त्या वर्षी तिथलं पाणी तापलं आणि प्रवाळांची पठारंच्या पठारं पांढरी पडली, दुकानातल्या त्या फुलाच्याच कारणानं. समुद्राला चिलर नाही. माझ्या दीडशे लिटरांची मी काळजी वाहू शकते, आणि ती काळजी वाहताना बाहेरच्या अफाट पाण्यासाठी जीव तुटतो. खूप तुटतो.

या प्राण्याचं वय सांगता येत नाही. खोडात असतात तशी वर्तुळं नाहीत, पिकणारे केस नाहीत. दुभंगून झालेला प्रत्येक जीव हा आधीच्याचाच पुढचा भाग असतो, त्यामुळे माझ्या कपारीतलं हे फूल किती जुनं, याला उत्तरच नाही; काकांना ते कुणीतरी दिलं होतं, त्या कुणालातरी आणखी कुणी. स्कॉटलंडमध्ये १८२८ साली सर जॉन ग्रॅहम डॅलियेल यांनी नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल उचललं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. ते १८५१ मध्ये वारले. समुद्रफूल जगत राहिलं. एका जाणत्या हातातून दुसऱ्या हातात जात ते एडिंबराच्या वनस्पती उद्यानात पोहोचलं, वाटेत शेकडो पिल्लांना जन्म दिला, लोक त्याला लाडानं आजी म्हणू लागले, आणि १८८७ साली ते गेलं तेव्हा वर्तमानपत्रानं त्याचा मृत्युलेख छापला. जवळजवळ साठ वर्षं. माणसं बदलत गेली, बरणीतलं पाणी बदलत गेलं, आणि दर वेळी कुणीतरी ते बदलायला होतं.

यंदा पावसाळ्यात माझंही समुद्रफूल दुभंगलं. तोंडाची फट लांबत गेली, अंग दोन बाजूंना ताणलं गेलं, मधला धागा तुटला, आणि दोन फाटके अर्धे एकमेकांपासून हळूहळू दूर सरकले. पाच-सहा दिवसांत दोघांच्याही जखमा मिटल्या. दोघांनाही मधोमध नवी, मिटलेली तोंडं. भाचीनं पुण्यात टाकी लावली आहे. ती फोनवर दर आठवड्याला विचारते, मावशी, आता आणू का? मी विचारते, गुलाबी पापुद्रा दिसायला लागला का? अजून नाही, म्हणते ती. मग थांब, म्हणते मी, आणि तिला ते थांबणं आवडू लागलं आहे, हे तिच्या आवाजावरून मला कळतं.

पहिलं समुद्रफूल घरी आणायचं मनात असेल तर मला इतकंच सांगावंसं वाटतं. रंग शेवटी बघा. आधी आपलं पाणी मुरू द्या, मग त्याचं तोंड बघा, पाय बघा, बोट लावून त्याची पकड बघा; कुणाच्या टाकीत वाढलेलं मिळत असेल तर समुद्रातलं मागू नका. आणि घरी नेण्याच्या आधीच, चहा पिताना, निवांतपणे, हेही मनाशी ठरवून ठेवा की आपण नसताना ते कुणाकडे जाईल.